एका जुन्या मथळ्याची दुरुस्ती

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा. पण चर्चच्या कमिटीत असाल, मंदिराच्या ट्रस्टवर असाल, नाहीतर गावच्या सप्ताहाच्या नियोजनात असाल, तर शेवटपर्यंत वाचा.

ईस्टरनंतरचा सोमवार होता. ख्रिस्ती कब्रस्तानाच्या पडलेल्या भिंतीची बातमी करायची होती म्हणून सकाळी अकराच्या सुमाराला पाळकसाहेबांच्या बंगल्यावर गेलो. बंगला नावालाच. मिशनच्या काळातलं दगडी घर, वर जुनी कौलं, पावसाळ्यात तीन ठिकाणी बादल्या ठेवाव्या लागतात. पाळकसाहेब ओट्यावरच्या खुर्चीत बसले होते. अंगात आदल्या दिवशीचाच पांढरा शर्ट. पायात बूट तसेच.

एरवी मला बघितलं की ते उठून "जय ख्रिस्त, भाऊ" म्हणतात. त्या दिवशी नुसता हात वर केला. मी भिंतीचं विचारलं. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. मग म्हणाले, "भाऊ, तुमचं मराठी चांगलं आहे. एक अर्ज लिहिलाय, जरा शुद्धलेखन बघता का?"

घरात जाऊन कागद आणला. चार ओळी होत्या. राजीनामा होता.

काय बोलावं ते मला कळेना. वर्तमानपत्रात बावीस वर्षं काढली, डिप्लोमा करून आलो तेव्हापासून राजीनामे छापत आलोय. सरपंचाचे, सभापतीचे, शाळेच्या अध्यक्षाचे. त्यात नाराजी असते, राजकारण असतं. या कागदात तसलं काहीच नव्हतं. नुसतं एवढंच होतं की माझ्याकडून आता ही सेवा होत नाही, मंडळीनं मला क्षमा करावी.

"काही झालं का?" मी विचारलं.

"झालं काहीच नाही. तेच तर सांगता येत नाही कुणाला," ते म्हणाले. "प्रार्थनेला बसलो की झोप येते. झोपायला गेलो की कुणाकुणाची प्रार्थना राहिली ते आठवतं."

मी माळकरी घरातला. वडिलांनी पंढरीची वारी कधी चुकवली नाही. चर्चमध्ये मी जातो ते नाताळाच्या फोटोसाठी आणि कुणी ओळखीचं वारलं तर. त्यामुळं पाळकाचं काम म्हणजे रविवारी तासभर उपदेश, एवढीच माझी समजूत. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची तीच असेल. म्हणून त्या दिवशी त्यांच्या तोंडून जे ऐकलं ते आधी सांगतो.

ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ. आमच्याकडं या काळात रोज संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरी प्रार्थनासभा असते. कधी गावात, कधी वस्तीवर, कधी पंधरा किलोमीटरवरच्या वाडीत. मोटारसायकलवर जायचं, भजनं, वचन, प्रार्थना, चहा, रात्री अकराला परत. मग झावळ्यांचा रविवार. मग दुःखसहनाचा आठवडा, रोज उपासना. उत्तम शुक्रवारी भर दुपारी तीन तास, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात मनन. आणि रविवारी पहाटे उजाडायच्या आत कब्रस्तानात उपासना, मग चर्चमध्ये मोठी उपासना, प्रभुभोजन, बाप्तिस्मे, भेटीगाठी.

हे झालं पंचांगातलं. पंचांगाबाहेरचं वेगळंच. कुणाचा मुलगा पुण्यात कंपनीतनं कमी झाला, त्याचा फोन रात्री. कुणाचं नवराबायकोचं भांडण. सिव्हिलला कुणी ॲडमिट, तिथं डबा आणि प्रार्थना दोन्ही पाळकानंच न्यायची. शाळेच्या दाखल्यात 'ख्रिस्ती' लिहायचं की नको, हा प्रश्न घेऊन येणारे आईबाप. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींच्या सवलतींतून ख्रिस्ती झालेले दलित बाहेर राहिले. पुढं १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती तिथंच राहिले. हा दिल्लीचा प्रश्न, पण तो येऊन बसतो पाळकाच्या ओट्यावर. परजिल्ह्यात कुठं प्रार्थनासभेवरून राडा झाला की इकडं चौकशीला माणूस येतो. त्याला चहा द्यायचा, शांतपणे उत्तरं द्यायची, आणि मंडळीतल्या म्हाताऱ्यांना धीर द्यायचा. जुन्या मिशनच्या जागांचे कोर्टातले तारखांचे कागद निराळेच. मानधनाबद्दल मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. कौलांकडं बघितल्यावर विचारायची गरजही नव्हती.

आणि आठवड्यातला विसाव्याचा दिवस म्हणजे रविवार. सगळ्यांना विसावा घ्या म्हणून सांगणारा हा माणूस त्या दिवशी सगळ्यात जास्त राबतो. सोमवारी त्याला कुणी सुट्टी दिलेली नसते.

एवढ्यात वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी कागद बघितला. त्यांना माहीत होतं. म्हणाल्या, "तुम्ही तरी सांगा त्यांना, डॉक्टरला दाखवा म्हणून. काल ईस्टरच्या दिवशी चार घरी जेवायला बोलावलं होतं. चारी घरी गेले. जेवले कुठंच नाहीत."

मी म्हणालो, "पाळकसाहेब, तुम्ही कमिटीला कधी सांगितलं नाही का, जड जातंय म्हणून?"

ते हसले. आत बोट दाखवलं. समोरच्या खोलीत भिंतीवर एक फ्रेम होती. त्यात वर्तमानपत्राचं कात्रण. लांबूनच ओळखलं. माझीच बातमी होती, २०२१ ची.

"तुम्हीच छापलंय ना," ते म्हणाले, "'थकवा न जाणणारा सेवक'. मंडळीनं फ्रेम करून दिली. आता त्याला जागायला नको का?"

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

२०२१ चा एप्रिल-मे ज्यांनी आपल्याकडं काढलाय त्यांना सांगायला नको. मी रोज आकडे गोळा करायचो. सकाळी रुग्णालय, दुपारी तहसील, संध्याकाळी स्मशानभूमी आणि कब्रस्तान. तिथं पाळकसाहेब दिसायचे. अंगात तो प्लॅस्टिकचा पोशाख, घामानं आतून चष्मा भरलेला, चार माणसांत दफनविधी. एका दिवशी तीन दफन केलेले मी स्वतः बघितलेत. शेवटचं झालं तेव्हा अंधार पडला होता आणि मी मोबाइलची बॅटरी धरली होती. मी आकडा लिहून घरी गेलो. ते तिथून मयताच्या घरी गेले, दाराबाहेर अंगणात उभं राहून त्या बाईशी बोलायला, कारण आत जायची परवानगी नव्हती.

त्यावर मी बातमी केली. मनापासून केली. मथळा मलाच सुचला होता आणि सुचल्यावर बरं वाटलं होतं. आता चार वर्षांनी कळत होतं की आपण एका माणसाचं कौतुक करता करता त्याला थकायची बंदी घातली.

खरं सांगायचं तर त्या वर्षी मी पण मोडलो होतो. सहा महिने झोप नव्हती, साखर वाढली, बायकोनं बळंच दवाखान्यात नेलं. पण मला बातमीत कुणी 'न थकणारा पत्रकार' म्हटलं नव्हतं. त्यामुळं मला पंधरा दिवस गावाकडं जाऊन नुसतं पडून राहता आलं. त्यांना नाही.

मी कागद घडी करून बॅगेत ठेवला. म्हणालो, "शुद्धलेखनाला थोडे दिवस लागतील."

"चार ओळींना?"

"चुका फार आहेत," मी म्हणालो. चूक एकही नव्हती. मग विचारलं, "कमिटीतल्या सरांच्या कानावर घालू का?" ते बराच वेळ गप्प होते. समोर चिंचेखाली पोरं खेळत होती. मग म्हणाले, "घाला. माझ्याच्यानं ते होणार नाही."

सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी बुधवारी सहा जणांना घरी बोलावलं. मलाही बोलावलं. मी जरा अवघडून बसलो होतो, परक्याच्या घरच्या बैठकीत बसल्यासारखा. सुरुवात अपेक्षेप्रमाणंच झाली. खजिनदार म्हणाले, "त्यांनी कधी सांगितलंच नाही." एक जण म्हणाला, "प्रार्थना वाढवायला पाहिजे." दुसऱ्याला वाटलं, बदली पाहिजे असेल.

महिला मंडळाच्या मावशी कोपऱ्यात बसल्या होत्या. पंच्याहत्तरीच्या आहेत, जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात आया होत्या. त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर आपणच म्हटलं असतं, पाळकांचा विश्वास कमी पडायला लागलाय. खोटं बोलते का मी?"

कुणी काही बोललं नाही.

"एलीयाचं काय झालं होतं?" मावशींनीच पुढं विचारलं. मला माहीत नव्हतं. त्यांनी आणि सरांनी मिळून सांगितलं ते असं. एलीया हा मोठा संदेष्टा. कर्मेल डोंगरावर बआलाच्या साडेचारशे संदेष्ट्यांपुढं एकटा उभा राहिला आणि जिंकला. आणि लगेच नंतर, राणी ईजबेलनं धमकी दिली तेव्हा, हाच माणूस रानात पळाला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, आता मला मरण दे. पराभवानंतर नाही, विजयानंतर. ईस्टरनंतरच्या सोमवारीच म्हणा ना.

"मग देवदूत आला," मावशी म्हणाल्या, "त्यानं पहिल्यांदा काय केलं? भाकर आणि पाणी दिलं. एलीया जेवला आणि परत झोपला. देवदूतानं त्याला झोपू दिलं. परत उठवलं, परत जेवू घातलं. रागावला नाही. डोंगरावरचं देवाचं बोलणं त्याच्या मागनं, चाळीस दिवसांनी. आपण मात्र थकलेल्याला पहिल्यांदा वचन ऐकवतो."

सरांनी भर घातली, की एलीयाची तक्रार होती, मी एकटाच उरलोय. त्यावर देवानं त्याला सांगितलं, बआलापुढं गुडघे न टेकलेले सात हजार अजून आहेत. आणि पुढचं काम करायला अलीशा दिला. म्हणजे भाकर, झोप, सोबत आणि वाटेकरी. बायबलमधलं थकलेल्या पुढाऱ्याचं औषध हे असं आहे, असं सर म्हणाले.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडं वीणा असते तसं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मग सांगावं लागलं. सप्ताह बसला की वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. अहोरात्र कुणाच्या तरी गळ्यात असलीच पाहिजे. पण म्हणून कुणी एक जण सात दिवस ती धरत नाही. पहारे असतात. यादी मंडपात लावलेली असते, रात्री दोन ते चार अमका, चार ते सहा तमका. वेळ झाली की दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते, आणि पहिला जाऊन मंडपाच्या कडेला घोंगडी पांघरून झोपतो. त्याला कुणी म्हणत नाही की याची भक्ती कमी पडली. माझे वडील पहाटेचा पहारा घ्यायचे. लहानपणी मी विचारलं होतं, दुसरा आलाच नाही तर? ते म्हणाले होते, तर तो दोष विणेकऱ्याचा नाही, गावाचा.

सरांनी बायबल उघडलं. निर्गम, सतरावा अध्याय. अमालेकी लोकांशी लढाई चालली होती. मोशेचे हात वर असले की इस्राएल जिंकायचं, हात खाली आले की अमालेक. मोशेचे हात भरून आले. तेव्हा त्यांनी त्याला बसायला धोंडा दिला, आणि एका बाजूनं अहरोन व दुसऱ्या बाजूनं हूर, दोघांनी सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात धरून ठेवले. लगेच पुढच्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो येतो. जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे निवाडे करतोय हे बघून तो सरळ सांगतो, हे बरं नाही, तूही झिजशील आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम.

"शाळेत मी हा धडा तीस वर्षं शिकवलाय," सर म्हणाले. "आणि दर रविवारी धोंडासुद्धा न देता त्यांना उभं केलंय."

त्या रात्री एका वहीच्या पानावर यादी झाली. अगदी सप्ताहाच्या पहाऱ्यासारखी. दवाखान्यातल्या भेटी: मावशी आणि दोन बायका. लांबच्या वाड्यांवरच्या सभा: सर आणि तरुण संघातली दोन पोरं, वचन तीच सांगतील. दाखले, अर्ज, कब्रस्तानाची भिंत, कोर्टाची तारीख: खजिनदार आणि सेक्रेटरी. सोमवारी पाळकांचा फोन सेक्रेटरीकडं. मयत झाली तरच बंगल्यावर जायचं. कौलांचं काम पावसाळ्याआधी, त्याला वर्गणी. आणि पहिल्यांदा डॉक्टर, मग पंधरा दिवस बहिणीच्या गावाला.

हे सगळं गुळगुळीत झालं असं समजू नका. पहिल्याच आठवड्यात एका घरात कुरबूर झाली, आमच्याकडं पाळक का आले नाहीत, पोरं का पाठवली? एकानं वर्गणी द्यायचं नाकारलं. पाळकसाहेब स्वतःच चौथ्या दिवशी बहिणीकडून परत यायला निघाले होते, वहिनींनी अडवलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात आणि मनाच्या डॉक्टरांकडंही जायला सांगितलंय. जाताहेत. हे लिहू का म्हणून विचारलं तर म्हणाले, "लिहा. कुणीतरी दुसराही जाईल."

मी त्या दिवसांत या विषयावर बरंच वाचलं. सवयच आहे. चार्ल्स स्पर्जन नावाचे लंडनचे प्रवचनकार होते, एकोणिसाव्या शतकातले, त्यांना ऐकायला हजारोंनी लोक यायचे. १९ ऑक्टोबर १८५६ ला सरे गार्डन्सच्या म्युझिक हॉलमध्ये त्यांची सभा भरली असताना कुणीतरी आग आग म्हणून ओरडलं आणि चेंगराचेंगरीत सात जण गेले. स्पर्जन तेव्हा अवघे बावीस वर्षांचे. त्यांना याचा जबर धक्का बसला आणि खिन्नतेनं आयुष्यभर त्यांची पाठ सोडली नाही. पण त्यांनी ती लपवली नाही. पाळकपणाचं शिक्षण घेणाऱ्या पोरांपुढं त्यांनी याच विषयावर एक अख्खं व्याख्यान दिलं. मोठ्या यशाच्या ऐन वेळी आणि सलग कामाच्या ओझ्याखाली असं होतं, हे त्यांनी त्यात बजावून सांगितलं. पुढं ते हिवाळ्यात फ्रान्समधल्या मेंतों गावी विश्रांतीला जायचे. हे सगळं पाळकसाहेबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "माहितीय. कॉलेजात शिकलो होतो. स्वतःला लागू करायचं राहिलं."

आपला नगर जिल्हा, आता अहिल्यानगर, ख्रिस्ती माणसांच्या कामानं भरलेला आहे. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ मध्ये. 'ज्ञानोदय' इथंच १८४२ मध्ये निघालं. नारायण वामन टिळक इथंच राहिले, आणि तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते सांगत. शाळा, दवाखाने, वसतिगृहं यांचा फायदा आपल्या सगळ्यांच्या घरात कुणी ना कुणी घेतलाय. माझी आजी मिशनच्या दवाखान्यात बाळंत झाली होती. इमारतींचे कोनशिलांसकट फोटो आपण टाकतो. त्यातला विसावा नसलेला माणूस मात्र आपल्याला दिसत नाही.

म्हणून हे पाळकांना, फादरांना, सिस्टरांना, आणि त्यांच्या घरच्यांना. तुम्ही थकलात तर तुमचा देव तुमच्यावर रागावलेला नाही. निदान तुमच्याच ग्रंथात तसं दिसत नाही. तुमचा येशू वादळात होडीच्या मागच्या भागात उशी घेऊन झोपला होता. शिष्य दमून आले तेव्हा त्यांना त्यानं आणखी काम दिलं नाही, एकांतात चला आणि थोडा विसावा घ्या म्हणाला. मी बाहेरचा माणूस, चुकत असेन तर सांगा. पण एका तरी माणसाला खरं सांगा. राजीनामा लिहायच्या आधी सांगा.

आणि हे मंडळीला, म्हणजे आपल्याला. यात आमचे कीर्तनकार महाराज आले, मौलाना आले, विहारातले भंतेजी आले. या आठवड्यात त्यांना एक फोन करा. काही मागू नका, कसली प्रार्थना, पूजा, तारीख विचारू नका. जेवलात का, एवढं विचारा. आणि त्यांच्या हातातलं एक काम, एकच, कायमचं आपल्याकडं घ्या.

ही पोस्ट टाकायच्या आधी पाळकसाहेबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, नाव आणि गाव काढा, बाकी राहू द्या. तुम्ही ओळखलं असेल तरी नाव लिहू नका.

त्यांचा कागद अजून माझ्या बॅगेत आहे. सव्वा महिना झाला. त्यांनी मागितला नाही, मी दिला नाही. उद्या मागितला तर देईन, तो त्यांचा हक्क आहे, आणि दिला म्हणून ते लहान होणार नाहीत. परवा सोमवारी दुपारी सवयीनं त्यांना फोन लावला. सेक्रेटरीनं उचलला. म्हणाला, "साहेब झोपलेत."

वर्तमानपत्रात चूक झाली की आम्ही दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चौकट टाकतो. माझ्या चुकीला चार वर्षं झाली, म्हणून इथं टाकतो.

दुरुस्ती: मे २०२१ मधल्या माझ्या बातमीच्या मथळ्यात 'थकवा न जाणणारा सेवक' असं प्रसिद्ध झालं होतं. ते 'थकलेला सेवक' असं वाचावं. चूक बातमीदाराची.